लगाम, वेसण आणि एक छोटासा ‘इन’

ऑक्टोबर २०२४. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास पतधोरण जाहीर करत होते. त्याआधी काही महिने त्यांच्या भाषणांत महागाई ‘हत्ती’ होती. कधी तो खोलीत उभा असायचा, कधी फेरफटका मारायला निघायचा, कधी जंगलाकडे परतायचा. या वेळी हत्तीचा घोडा झाला. मोठ्या कष्टाने हा घोडा तबेल्यात आणलाय, आता दार उघडताना फार जपावं लागेल, नाहीतर तो पुन्हा उधळेल, अशा अर्थाचं ते बोलले. पुढच्याच महिन्यात आकडा आला. ऑक्टोबरची किरकोळ महागाई ६.२१ टक्के. घोडा उधळला होता.

अशा वेळी इंग्रजी बातम्यांत एक क्रियापद हमखास येतं : ‘रेन इन’. सरकारने खर्च रेन इन करावा, बँकेने महागाई रेन इन करावी, पक्षाने आपल्या वाचाळ आमदाराला रेन इन करावं. आणि याच बातम्या मराठीत येतात तेव्हा काय होतं? महागाईला ‘वेसण’ घातली जाते. म्हणजे भाषा बदलता बदलता जनावरही बदलतं. तिकडे घोडा, इकडे बैल. त्या बदलात बराच इतिहास दडलाय, आणि तो सगळाच काही गोड नाही.

आधी शब्द बघू. ‘रेन’ म्हणजे लगामाची दोरी किंवा चामड्याची पट्टी, स्वाराच्या हातात असते ती. आपण मराठीत सगळ्या प्रकाराला मिळून ‘लगाम’ म्हणतो. इंग्रजीत मात्र हातातली पट्टी वेगळी, तोंडातली लोखंडी कांडी वेगळी आणि डोक्यावरचा साज वेगळा. तोंडातल्या त्या कांडीला जुन्या मराठीत ‘कडियाळं’ म्हणत. ‘रेन’ हा शब्द इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये आला तो लॅटिनच्या ‘रेतिनेरे’ या क्रियापदापासून. त्याचा अर्थ मागे धरून ठेवणं. ‘रिटेन’ हा शब्दही त्याच घरचा. ऑफिसात एचआरवाले ‘एम्प्लॉयी रिटेन्शन’बद्दल बोलतात तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते तुमचा लगाम धरून उभे असतात.

पण मग हा ‘इन’ कशाला? इंग्रजी शिकताना आपल्यापैकी बहुतेकांची फ्रेझल व्हर्बवर चिडचिड झालेली असते. ‘पुट ऑफ’, ‘पुट अप’, ‘पुट आउट’, पाठ करा नि विसरा. इथे मात्र ‘इन’ला नीट अर्थ आहे. लगाम ढिला सोडला की दोरी पुढे, घोड्याच्या मानेकडे सरकते. खेचला की दोरी आत येते, म्हणजे स्वाराच्या पोटाकडे. हातांची ती हालचाल शब्दात तशीच्या तशी उतरली आहे. ‘रेन अप’ असंही एक जुनं क्रियापद आहे, त्याचा अर्थ घोडा थांबवणं. ‘रेन बॅक’ म्हणजे घोड्याला पावलं मागे टाकायला लावणं, घोडेस्वारीच्या शाळेत आजही शिकवतात. आणि ‘रेन इन’ म्हणजे वेग कमी करणं, काबूत आणणं.

हा फरक बारीक वाटेल, पण महत्त्वाचा आहे. रेन इन केलेला घोडा उभा राहतोच असं नाही. बहुतेकदा तो चालतच असतो, फक्त स्वाराला हवा त्या चालीने. रिझर्व्ह बँकेचंच घ्या. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि महागाईचं लक्ष्य ४ टक्के ठरलं, खाली-वर २ टक्क्यांची मुभा ठेवून. शून्य नाही, चार. महागाई संपवायची नाहीये, तिला दुडक्या चालीवर आणायचंय. एप्रिल २०२२ मध्ये ती ७.७९ टक्क्यांवर गेली, तेव्हा मे महिन्यापासून बँकेने लगाम आत ओढायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. ज्यांच्या घरी गृहकर्ज आहे त्यांना हे ओढणं चांगलंच आठवत असेल. कारण लगाम बँकेच्या हातात असला तरी कडियाळं दुसऱ्याच कोणाच्या तोंडात होतं. हप्ता वाढला, मुदत वाढली.

इंग्रजीत याच कामाची आणखी दोन क्रियापदं आहेत, आणि दोन्ही मजेदार. एक ‘कर्ब’. तेही घोड्याच्या तोंडाजवळचंच. काही लगामांत घोड्याच्या हनुवटीखालून एक साखळी जाते. लगाम खेचला की तरफेसारखं काम होऊन ती साखळी आवळते. हाताने थोडा जोर लावायचा, जबड्यावर तो कित्येक पट पडतो. ती साखळी म्हणजे कर्ब. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वाकडा, वळलेला. आणि फुटपाथच्या कडेचा तो उभा दगड असतो ना, ज्याला ब्रिटिश इंग्रजीत वेगळं स्पेलिंग करून ‘कर्ब’च म्हणतात? तोही हाच शब्द. रस्त्याला आवरून धरणारी कड.

दुसरं ‘चेक’. कोणाला ‘चेकमध्ये ठेवणं’. हा शब्द घोड्याकडून नाही, बुद्धिबळाकडून आला. आणि त्याचं मूळ फारसीतला ‘शाह’, राजा. फारसीतून अरबी, मग जुनी फ्रेंच, मग इंग्रजी असा प्रवास करून ‘शाह’चा ‘चेक’ झाला. म्हणजे आपला ‘शह’ आणि त्यांचा ‘चेक’ हे चक्क भाऊ. मराठी राजकारणाच्या बातम्या शह-काटशहाशिवाय पूर्ण होत नाहीत, आणि अमेरिकन राज्यघटनेवरचं कोणतंही पुस्तक ‘चेक्स अँड बॅलन्सेस’शिवाय. एकाच पटावरचे शब्द आहेत हे.

आता पुन्हा घोड्याकडे, कारण खरी गोष्ट त्याच्या तोंडात आहे.

घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथे दात नाही, नुसती हिरडी, आणि तिच्याखाली लगेच हाड. निसर्गाने ही फट माणसासाठी ठेवलेली नाही. पण माणसाला ती सापडली, आणि इतिहासाचा वेग बदलला. त्या फटीत आधी दोरी किंवा चामडं गेलं असावं, पुढे हाड, मग कांसं आणि लोखंड. पाचशे किलोच्या जनावराला साठ किलोचा माणूस कसा वळवतो, याचं उत्तर ताकद हे नाही. जिभेवर आणि हिरडीवर पडणारा दाब, आणि तो दाब कोणाच्या हातात आहे याची घोड्याला झालेली जाणीव, हे त्याचं उत्तर आहे.

२०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या परिसरातल्या गवताळ प्रदेशातले, आणि साधारण इसवीसनपूर्व २२०० नंतर त्यांचा वंश झपाट्याने सगळीकडे पसरला. त्याच सुमारास उरल पर्वताच्या पायथ्याशी सिंताश्ता संस्कृतीच्या लोकांनी आपल्या मृतांबरोबर रथ आणि घोडे पुरले. त्या कबरींत घोड्याच्या गालाशी बसणाऱ्या चकत्या मिळाल्या, शिंगाच्या आणि हाडाच्या. काहींना आतून खिळ्यांसारखी टोकं आहेत. रथाचा घोडा वळवायला त्याच्या गालात टोचावं लागे. रथ आणि टोचणी, दोन्हींचा पुरावा एकाच खड्ड्यात.

याहून जवळची गोष्ट हवी असेल तर किक्कुली भेटतो. हा मितान्नी राज्यातला घोड्यांचा शिक्षक, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचा. त्याचं घोडे तयार करण्याचं टिपण हित्ती लोकांनी मातीच्या विटांवर कोरून ठेवलं आणि ते आजच्या तुर्कीतल्या बोआझकोय इथे सापडलं. रोज किती पळवायचं, काय खायला द्यायचं, कधी धुवायचं, सगळं तपशिलात. आणि मध्येच शब्द येतात ‘ऐकवर्तन’, ‘पंझवर्तन’, ‘सत्तवर्तन’. एक फेरी, पाच फेऱ्या, सात फेऱ्या. हित्ती मजकुरात हे संस्कृतच्या सख्ख्या नात्यातले शब्द बघून मराठी माणसाला जरा गंमत वाटेल. ‘पंझ’ म्हणजे पंच हे कोणी सांगायची गरज नाही.

ग्रीकांकडे झेनोफन होता. घोडदळात आयुष्य घालवलेला हा माणूस इसवीसनपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक पुस्तिका लिहून गेला, आणि ती आजही वाचनीय आहे. त्यात तो सांगतो, स्वाराकडे निदान दोन लगाम असावेत. एक गुळगुळीत, एक काटेरी. काटेरी कडियाळ्यावरच्या टोकांना ग्रीक शब्द आहे तो एका काटेरी प्राण्याचा. घोड्याला आधी काटेरी लावायचा, म्हणजे तो त्याला नकोसा होतो. मग गुळगुळीत लावला की त्याला इतकं हायसं वाटतं की काटेरीत शिकलेलं सगळं तो इथे आनंदाने करतो. हे वाचताना अंगावर जरा काटा येतो, कारण ही युक्ती फक्त घोड्यांपुरती राहिलेली नाही. पण त्याच पुस्तिकेत तो असंही म्हणतो की जबरदस्तीने घोड्याकडून करून घेतलेल्या गोष्टीत त्याला काही कळत नाही आणि सौंदर्यही नसतं. चाबूक मारून नर्तकाला नाचवावं तसं ते होतं. एकाच माणसाची ही दोन मतं.

ग्रीकांचा हा लगाम आपल्याकडेही पोचला. ग्रीक ‘खालिनोस’, म्हणजे कडियाळं. संस्कृतात ‘खलीन’, अर्थ तोच. हा शब्द ग्रीकमधून संस्कृतात आला असं अभ्यासक मानतात. आपल्याकडे आधी लगाम नव्हता असं मात्र यावरून समजू नका. वैदिक भाषेत लगामाच्या दोरीला ‘रश्मी’ हा शब्द आहेच. रश्मी म्हणजे दोरी, लगाम आणि सूर्यकिरणही. सूर्याच्या रथाचे लगाम म्हणजे त्याचे किरण, ही कल्पना एका शब्दात मावली. तुमच्या वर्गातल्या रश्मीला हे सांगून बघा.

आणि लगाम जिथे आहे तिथे तत्त्वज्ञ येणारच. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये आत्मा म्हणजे रथ. एक घोडा गोरा आणि गुणी, दुसरा काळा आणि हट्टी. सारथी काळ्या घोड्याला आवरतो ते वर्णन चांगलं रक्तरंजित आहे : लगाम इतक्या जोरात मागे खेचतो की घोड्याची जीभ आणि जबडा रक्ताने भरतो, आणि असं वारंवार झाल्यावर तो घोडा भीतीने नम्र होतो. कठोपनिषदातलं रूपक याच्या जवळचं, पण त्याची मांडणी वेगळी. शरीर रथ, आत्मा त्यात बसलेला मालक, बुद्धी सारथी, इंद्रियं घोडे. आणि मन? मन म्हणजे लगाम. मन घोडा नाही! आपण बोलताना ‘मनाला लगाम घाल’ म्हणतो, तिथे मात्र मन स्वतःच ती दोरी आहे, ओढणाऱ्याच्या आणि ओढल्या जाणाऱ्याच्या मधली. मला हे प्लेटोपेक्षा जास्त पटतं. रागाच्या भरात तिखट मेसेज टाइप करून सेंडवर अंगठा थबकतो, तेव्हा थबकतं ते नक्की कोण, हे दोन घोड्यांच्या हिशोबात नीट बसत नाही.

‘लगाम’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘रिकीब’ही तिकडूनच. मराठी फौज घोड्यावर वाढली आणि घोडदळाची भाषा घराघरांत शिरली. सरकारी घोड्यावरचा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. खोगिराच्या आत जो फालतू चिंध्या-गवत भरायचं ती खोगीरभरती, आणि आज ती कुठल्याही समितीत दिसते. टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांशेजारी लावायची ती झापडं, आणि ती लावलेले विचार झापडबंद. लगाम नसलेला तो बेलगाम. (बेळगावशी याचा काही संबंध नाही. त्या गावाचं नाव वेणुग्रामावरून आल्याचं सांगतात. तरीही हा विनोद दरवर्षी कोणीतरी करतंच.)

पण घोडा हा सैनिकाचा, सरदाराचा, फार तर टांगेवाल्याचा. गावातल्या बहुसंख्य माणसांच्या हातात होता तो बैलाचा कासरा. म्हणून ‘रेन इन’ला मराठीत सगळ्यात आतून आलेला शब्द ‘लगाम’ नाही, ‘वेसण’ आहे. आणि वेसण ही लगामापेक्षा वेगळ्या जातीची गोष्ट आहे. लगाम काम झालं की काढतात. घोडा तबेल्यात मोकळ्या तोंडाने उभा असतो. वेसण काढत नाहीत. खोंड मोठं होऊ लागलं की त्याच्या दोन नाकपुड्यांमधला पडदा टोचतात, त्यातून दोरी ओवतात, आणि ती दोरी मग आयुष्यभराची. दावणीला बांधलेला असतानाही ती नाकात असते. म्हणून ‘त्याला वेसण घातली पाहिजे’ या वाक्यात इंग्रजी वाक्यापेक्षा जास्त काहीतरी आहे. इंग्रजीतला माणूस म्हणतो, जरा आवरा याला. मराठीतला म्हणतो, याच्या नाकातून कायमची दोरी घाला. मुलगा उनाड निघाला की ‘लग्न करून द्या, वेसण बसेल’ असा सल्ला देणाऱ्यांना नेमकं हेच म्हणायचं असतं. सुनेला काय वाटेल, ती दोरी म्हणून घरात येते आहे, हे कोणी विचारत नाही.

पोळ्याला बैलाची पूजा होते. आदल्या दिवशी खांदेमळणी : जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-लोणी लावून शेकतात. दुसऱ्या दिवशी धुऊन, शिंगं रंगवून, झूल चढवून मिरवतात, पुरणपोळी खाऊ घालतात, त्या दिवशी काम देत नाहीत. आणि बैलाला नवी भेट म्हणून काय आणतात? नवी वेसण, नवी म्होरकी, नवा कासरा. बाजारात पोळ्याआधी ही दुकानं रंगीत गोंड्यांनी भरलेली असतात. शेतकऱ्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. बैल मेला तर घर रडतं, हे खरंच आहे. दोन्ही गोष्टी एकाच अंगणात असतात एवढंच.

जनावरासाठी केलेली वस्तू माणसाला घालायला माणूस फार वेळ लावत नाही. १५६७ साली एडिनबरामध्ये बेसी टेलिफेर नावाच्या बाईने एका नगराधिकाऱ्यावर आरोप केला की तो खोटी मापं वापरतो. आरोप खरा की खोटा ते बाजूला राहिलं. तिला शिक्षा झाली ती तोंडाला लोखंडी साज चढवून भर चौकात तासभर उभं करण्याची. या साजाला पुढे इंग्रजीत नाव पडलं ‘स्कोल्ड्स ब्रायडल’, कजाग बाईचा लगाम. डोक्याभोवती लोखंडी पिंजरा आणि तोंडात शिरणारी पट्टी, जिभेवर दाब देणारी. कुठे कुठे त्या पट्टीला काटेही असत, म्हणजे झेनोफनचा दुसरा लगाम. १६५५ च्या सुमारास कार्लाइल गावात डोरोथी वॉ या क्वेकर पंथाच्या बाईने बाजारात उभं राहून प्रवचन केलं, तर तिथल्या महापौराने तिला हाच साज चढवला. सुमारे तीन तास. तिने स्वतः त्याचं वर्णन लिहून ठेवलंय, म्हणून ते आपल्याला कळतं. ज्या तोंडाला लगाम घातला होता त्याच तोंडाची साक्ष, असं क्वचितच हाती लागतं.

अशीच दुसरी साक्ष ओलाउडा इक्विआनोची. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेला हा मुलगा पुढे स्वतंत्र झाला आणि १७८९ मध्ये लंडनला त्याने आत्मचरित्र छापलं. व्हर्जिनियातल्या एका मालकाच्या घरात तो आजारी मालकाला वारा घालायला गेला, तेव्हा स्वयंपाक करणारी काळी बाई त्याला दिसली. तिच्या अंगावर लोखंडाचे सांगाडे होते, आणि एक डोक्यावर, तोंड असं जखडणारा की तिला धड बोलता येईना आणि खाता-पिता येईना. ती दुसऱ्यांसाठी जेवण रांधत होती. त्या वस्तूला लोखंडी मुसकं म्हणतात हे त्याला नंतर कळलं.

आपल्याकडे मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात, त्याने धान्य खाऊ नये म्हणून. आणि बोलण्यावर बंदी आली की मराठीत म्हणतात ‘मुस्कटदाबी’. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आणला. इंग्रजी पत्रं त्यातून मोकळी होती, म्हणजे वेसण फक्त देशी नाकाला. त्याला लोकांनी टोपणनाव दिलं ‘गॅगिंग अ‍ॅक्ट’, तोंडात बोळा कोंबणारा कायदा. कलकत्त्याची ‘अमृतबझार पत्रिका’ बंगालीची इंग्रजी होऊन यातून निसटली. रिपनच्या काळात कायदा गेला. जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात ‘केसरी’ सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत सरकारने त्याला आवरायचे किती प्रयत्न केले हे शाळेच्या पुस्तकात आहे, त्यामुळे इथे सांगत नाही.

घोड्याच्या बाजूने कोणी बोललं का? बोललं, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं बोलणं एका चालता न येणाऱ्या बाईचं आहे. अ‍ॅना सेवेल शाळकरी वयात पडली, पाय कायमचे अधू झाले. कुठे जायचं तर घोडागाडी. आयुष्यभर घोड्यांच्या भरवशावर राहिलेल्या या बाईने शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून एक पुस्तक लिहिलं, ‘ब्लॅक ब्यूटी’, घोड्याच्याच तोंडून सांगितलेलं. ते १८७७ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती गेली.

तिचा रोख होता ‘बेअरिंग रेन’ या प्रकारावर. हा लगाम गाडीवानाच्या हातात नसतोच. तोंडातून निघून तो डोक्यावरून मागे जातो आणि घोड्याच्या पाठीवरच्या साजाला आकड्याने अडकवतात. त्यामुळे मान सतत उंच राहते. रुबाबदार दिसते. श्रीमंतांच्या बग्ग्यांना तेव्हा ही फॅशन होती. पण चढावर ओझं ओढताना घोड्याला मान खाली घालून जोर लावावा लागतो, आणि इथे तर मान हलतच नाही. श्वास कोंडतो, मानेचे स्नायू जातात, तोंडाला फेस येतो, आणि तो फेसही लोकांना तेजाचं लक्षण वाटायचा. एडवर्ड फ्लॉवर नावाच्या गृहस्थांनी १८७५ मध्ये याविरुद्ध एक पुस्तिका लिहिली होती. सेवेलच्या गोष्टीने ते काम हजारपटीने केलं. सांगतात, तिच्या अंत्ययात्रेला आलेल्या गाडीच्या घोड्यांना बेअरिंग रेन लावलेला तिच्या आईला दिसला, आणि तो काढायला लावल्याशिवाय तिने गाडी हलू दिली नाही.

रेन इन करणाऱ्या हाताला निदान कळतं की आपण ओढतोय. बेअरिंग रेनला हात नाही. एकदा आकडा अडकवला की कोणीच काही करत नसतं, आणि घोड्याची मान तरीही वरच असते. माझ्या मते ‘ब्लॅक ब्यूटी’मधली खरी चीड याबद्दल आहे.

मुंबईतही घोडे होते. ९ मे १८७४ ला कुलाब्याहून घोड्यांची ट्राम धावली, आणि त्याच वर्षी प्राण्यांच्या छळाविरुद्धची संस्थाही मुंबईत उभी राहिली. विजेची ट्राम १९०७ मध्ये आली आणि ट्रामचे घोडे सुटले. व्हिक्टोरिया मात्र राहिल्या, चांदीच्या पत्र्याने मढवलेल्या, मरीन ड्राइव्हवर पर्यटकांना फिरवत. भारतात १९६५ पासून नियम आहे की ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावराला टोकदार, काटेरी लगाम वा साज वापरता येणार नाही. नियम करावा लागला, यावरूनच काय ते समजा. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितलं. लगाम धरून पिढ्या गेलेल्या घोडेवाल्यांचं काय, हा प्रश्न मग बराच काळ लोंबकळत राहिला. घोडा सुटला की लगाम धरणारा हातही रिकामा होतो, आणि तो हात सहसा गरिबाचा असतो.

घोडे रस्त्यावरून गेल्याचा भाषेवर परिणाम झालाच. इंग्रजीत ‘रेन इन’ लिहिताना आजकाल पुष्कळ जण मध्ये ‘जी’ हे अक्षर घालतात. तसं केलं की लगामाचा ‘रेन’ जाऊन राज्य करण्याचा ‘रेन’ होतो. उच्चार तोच, मूळ वेगळं. ‘फ्री रेन’ म्हणजे लगाम ढिला सोडणं, त्याचंही लोक ‘मोकळं राज्य’ करून टाकतात, आणि अर्थ बऱ्यापैकी जुळतो म्हणून चूक कोणाला खटकत नाही. लगाम कधी हातातच घेतला नाही तर तो आठवणार कसा? देवनागरीत लिहिणाऱ्यांची या भानगडीतून सुटका आहे. लगाम, राज्य आणि पाऊस, तिघांचाही आपल्याकडे ‘रेन’.

मराठीत मात्र जनावराचा वासही नसलेलं एक क्रियापद पहिल्यापासून आहे. आवरणं. राग आवर, पसारा आवर, हसू आवरेना. सकाळी ‘लवकर आवर’ म्हणजे अंघोळ करून तयार हो. लांबलेल्या वक्त्याला संयोजक चिठ्ठी पाठवतात, ‘आवरतं घ्या’. यात ओढणारा कोणी वेगळा नाही, आपलं आपणच करायचं असतं.

पण हल्ली तेही मागे पडतंय. पंचविशीतली मुलं एकमेकांना काय म्हणतात? ‘कंट्रोल कर.’ हा शब्द ना घोड्याचा ना बैलाचा. मध्ययुगीन हिशेबनिसांचा आहे. मूळ यादीची ताळा करायला ठेवलेली दुसरी गुंडाळी म्हणजे ‘कॉन्ट्र-रोल’, त्यावरून पडताळणी, आणि त्यावरून ताबा. हा शब्द मराठी घरांत शिरला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, कार्डावर मोजून धान्य मिळू लागलं, आणि लोक त्या दुकानालाच ‘कंट्रोल’ म्हणू लागले. आजी-आजोबा असतील तर विचारून बघा. ‘कंट्रोलवर जाऊन साखर आणली’ हे वाक्य त्यांच्या लहानपणी कोणालाही विचित्र वाटत नसे.